पहिलं शाईपेन घेताय? मग आधी अनुस्वार देऊन बघा

फाउंटन पेन घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं कुणालाही विचारलं की समोरचा लगेच दोन-तीन मॉडेलची नावं फेकतो आणि मोकळा होतो. माझं म्हणणं, नाव सगळ्यात शेवटी. आधी तुमचं अक्षर केवढं, कागद कसला आणि एका बैठकीत तुम्ही किती लिहिता एवढं कळलं की निम्मी पेनं आपोआप बाद होतात.

मी स्वतः हे उलटं केलं होतं म्हणून सांगतोय. पहिलं पेन घेतलं ते दिसण्यावर भाळून, काळंभोर, सोनेरी क्लिप, हातात घेतलं की कसं भारदस्त वाटायचं. घरी येऊन लिहायला बसलो तर दुसऱ्या पानावर अंगठा दुखायला लागला आणि 'क्ष' आणि 'ळ' असे बुजले की माझं मलाच वाचता येईना. पेन खराब नव्हतं हो, माझ्यासाठी नव्हतं एवढंच. निब ब्रॉड, म्हणजे जाड रेघेची होती, अंग पितळेचं होतं आणि माझं अक्षर मुंगीएवढं.

पहिलं काम: पट्टी घ्या आणि अक्षर मोजा

खरंच मोजा. रोजच्या लिखाणातलं एखादं पान घ्या, मुद्दाम सुवाच्य काढलेलं नको, घाईत लिहिलेलं घ्या, आणि काना-मात्रा सोडून नुसत्या अक्षराची उंची किती मिलिमीटर येते ते बघा. बऱ्याच जणांची ३-४ मिमीच्या आसपास येते.

आता निबचे आकार. एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड, म्हणजे ईएफ, एफ, एम, बी. कंपन्यांमध्ये याचं एकच ठरलेलं माप नाही ही पहिली गोची. दुसरी गोची अशी की जपानी कंपन्यांच्या निबा युरोपियन कंपन्यांपेक्षा साधारण एक नंबर बारीक असतात. जपानी फाइन ०.३ ते ०.४ मिमीची रेघ काढते, युरोपियन फाइन ०.५-०.६ च्या घरात जाते, आणि जपानी मीडियम म्हणजे जवळपास युरोपियन फाइनच झाली. शाई आणि कागद बदलला की हे आकडेही थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

आपल्या लिपीला याचा फटका जास्त बसतो. रोमन लिपीत 'ओ' थोडा भरला तरी वाचता येतो, आपल्याकडे 'क्ष' मध्ये चार रेघा शेजारी शेजारी येतात, एकेक ०.७ मिमीची धरली तर २.८ मिमी नुसती शाईच झाली, मग ३ मिमीच्या अक्षरात पांढरं उरणार कुठे? 'ष' ची तिरकी दांडी, 'ज्ञ' चं पोट, 'थ' ची गाठ, सगळे डबे भरून जातात. म्हणून मराठीत रोजचं लिखाण असेल आणि अक्षर लहान असेल तर जपानी फाइन किंवा युरोपियन एक्स्ट्रा फाइन घ्या. अक्षर ५ मिमीच्या पुढचं, ऐसपैस असेल तर मीडियम छान चालते, उलट बारीक निबने मोठं अक्षर फार किरटं दिसतं. ब्रॉड सह्यांसाठी, पाकिटावर पत्ता लिहायला वगैरे. पहिल्या पेनाला नकोच.

स्टब निबबद्दल पण विचारतात लोक. तिचं टोक चपटं कापलेलं असतं, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, म्हणजे देवनागरीत दांड्या ठसठशीत आणि शिरोरेषा नाजूक. दिसतं सुंदर, पण पेन बोटात जरा फिरलं की रेघ तुटते. दुसरं पेन म्हणून घ्या.

स्टील की सोनं

स्टील. विषय संपला, पण थोडं सांगतो कारण इथे लोक फार पैसे घालवतात. कागदाला जे टेकतं ते ना स्टील असतं ना सोनं, निबच्या टोकावर एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि तो घासून गुळगुळीत करतात. त्याला अजूनही इरिडियम पॉइंट म्हणायची पद्धत आहे, आतमध्ये इरिडियम असो वा नसो. लिहिताना जो गुळगुळीतपणा जाणवतो तो या मण्याच्या घासकामाचा. सोनं वापरायला लागले कारण जुन्या शाया आम्लधर्मी होत्या आणि साधी लोखंडी निब गंजायची. आजचं स्टेनलेस स्टील रोजच्या शाईला आरामात पुरतं.

हे चालतं कसं, कारण त्याशिवाय पेन तपासता येणार नाही

निबच्या खाली काळी, बारीक खाचा पाडलेली प्लास्टिकची पट्टी असते, तिला जीभ म्हणतात, इंग्रजी नाव फीड. त्या जिभेत एक बारीक नाळ असते, तिच्यातून केशाकर्षणाने शाई पुढे सरकते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा आत जाते. हे हवा-शाईचं देणंघेणं नीट जमवणाऱ्या फीडचं पेटंट लुईस वॉटरमनने १८८४ साली घेतलं आणि आजच्या स्वस्तातल्या स्वस्त पेनातही तत्त्व तेच आहे. जिभेच्या बाजूला ज्या खाचा दिसतात त्या शोभेच्या नाहीत बरं का, जास्तीची शाई आली तर ती तिथे थांबते, नाहीतर थेट कागदावर टपकली असती.

यातून निघणारी कामाची गोष्ट एकच, शाई कागद ओढून घेतो, तुम्ही ढकलायची नसते. बॉलपेनने आपल्याला दाबायची सवय लावलेली असते कारण तिथे गोळी फिरवायला जोर लागतो. इथे दाबलं की निबच्या दोन पाकळ्या फाकतात, रेघ जाड होते, आणि वारंवार दाबत राहिलं तर पाकळ्या तशाच राहतात. नवीन माणसाचं पेन बिघडतं त्यात बऱ्याचदा हेच कारण असतं. पेन कागदाशी ४५ अंशांच्या आसपास तिरकं धरा, निबची वरची बाजू आभाळाकडे, आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने चालू द्या. पहिले आठ-दहा दिवस अक्षर जरा विचित्र येईल, येऊ दे.

शाई भरायची पद्धत

कार्ट्रिज-कन्व्हर्टर घ्या. कार्ट्रिज म्हणजे शाईने भरलेली तयार नळी, खुपसली की झालं, प्रवासात सोयीची. कन्व्हर्टर म्हणजे त्याच जागी बसणारा छोटा पंप, दौतीत निब बुडवायची, मागचा खटका फिरवायचा, शाई वर येते. दौतीतली शाई कार्ट्रिजपेक्षा खूपच स्वस्त पडते, त्यामुळे रोज लिहिणार असाल तर पेनासोबत कन्व्हर्टर मिळतो की वेगळा घ्यावा लागतो हे आधीच विचारा. स्वस्त वाटलेलं पेन कन्व्हर्टर धरून महाग पडलंय असं होतं बरेचदा.

कार्ट्रिजमध्येही एक मेख आहे. स्टँडर्ड इंटरनॅशनल नावाचा एक आकार बऱ्याच कंपन्या वापरतात, पण पायलट, प्लॅटिनम, सेलर, लॅमी, पार्कर यांचे आपापले वेगळे आकार आहेत आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही. गंमत म्हणजे पायलटचं मेट्रोपॉलिटन युरोपात एमआर नावाने मिळतं आणि त्याला स्टँडर्ड कार्ट्रिज लागतं, मूळ मेट्रोपॉलिटनला मात्र पायलटचंच. दिसायला तेच पेन. तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

कन्व्हर्टरमध्ये अर्धा-पाऊण मिलिलिटर शाई मावते. दिवसाला दहा-बारा पानं लिहिणाऱ्याला ही कमी पडते, तेव्हा पिस्टनचं पेन बघा, त्यात पेनाचं पोट हीच टाकी असते. नाहीतर आयड्रॉपर, म्हणजे आपलं जुनं ड्रॉपरने भरायचं पेन, सगळं पोट शाईनेच भरायचं, बिघडायला आत काही नाही. दोन-तीन मिलिलिटर सहज मावते. पण याची एक खोड आहे, शाई अर्ध्याखाली गेली की वरच्या रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला ढकलते, मग मधेच टपकन थेंब पडतो, आणि पडतो तो नेमका सहीच्या शेजारी. शाई निम्मी झाली की पुन्हा भरून टाकायची सवय लावली तर त्रास होत नाही. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की सांध्यातून गळतही नाही.

हातात कसं बसतं

वजनाबद्दल थोडक्यात, प्लास्टिकचं पेन १५-२० ग्रॅमच्या आसपास, पितळेचं २५ च्या पुढे. तासन्‌तास लिहायचं असेल तर हलकं. टोपण मागे लावून लिहायची सवय असेल तर तसंच लावून वजन बघा, कारण काही टोपणं मागे लावली की सगळा भार मागे जातो आणि निब वर उचलते.

पकडायची जागा जास्त महत्त्वाची. तिथे आटे येतायत का, बोटं टेकतात तिथे पायरी येते का, फार निमुळतं आहे का, हे फोटोत कळत नाही. लॅमी सफारीची पकड तिकोनी आहे, तीन बोटांनी शिस्तीत पेन धरणाऱ्याला ती फार आवडते, आणि ज्याचा अंगठा तर्जनीवर चढतो त्याला तीच पकड नकोशी होते. दोघंही बरोबर.

आणि टोपण. टोपण घट्ट, हवाबंद बसणारं हवं, कारण निबवरची शाई वाळली की दुसऱ्या दिवशी पेन पहिल्या ओळीला नाटकं करतं. तपासायचा सोपा उपाय म्हणजे टोपणाच्या वरच्या टोकाला किंवा क्लिपपाशी भोकं, फटी आहेत का बघायचं. काही पेनांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम भोक ठेवतात, अशा वेळी आतमध्ये वेगळं छोटं टोपण आहे ना, तेवढं पाहून घ्या.

आता नावं

पाचच सांगतो, पाचही नवशिक्यांना चालण्यासारखी.

प्लॅटिनम प्रेपी. साधं पारदर्शक प्लास्टिक, निबवर ०२, ०३, ०५ असे आकडे, म्हणजे अनुक्रमे एक्स्ट्रा फाइन, फाइन आणि मीडियम. टोपणाच्या आत स्प्रिंगवालं झाकण आहे, त्यामुळे पेन आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तरी लगेच लिहितं. मला विचाराल तर फाउंटन पेन आपल्याला झेपतंय का एवढंच बघायचं असेल तर हे घ्या, हरवलं तरी रडू येणार नाही.

पायलट काकुनो मुळात लहान मुलांसाठी काढलेलं, निबवर हसरा चेहरा कोरलेला असतो आणि तो तुमच्याकडे बघत असेल तर पेन सरळ धरलंय असं समजायचं. मोठ्यांनी वापरायला लाजू नये, निब तिच्याच घराण्यातल्या महागड्या भावंडांना लाजवेल अशी आहे. क्लिप नाही, खिशाला लावता येत नाही. मेट्रोपॉलिटन साधारण त्याच प्रकारच्या निबचं, पण पितळी अंगाचं आणि दिसायला ऑफिसात शोभणारं.

लॅमी सफारी १९८० पासून चालू आहे, निब हाताने ओढून बदलता येते, म्हणजे फाइन आवडली नाही तर पेन न बदलता एक्स्ट्रा फाइन लावता येते. पोटाला खिडकी आहे, शाई किती उरली ते दिसतं. निबा युरोपियन हिशोबाने जाड, हे लक्षात ठेवून एक नंबर खाली घ्या. भरपूर शाई मावणारं हवं असेल तर ट्विस्बी इको, पिस्टनचं, आरपार दिसणारं, वरच्या चौघांपेक्षा महाग.

याच्याबाहेर शेकडो पेनं आहेत आणि त्यातली बरीच चांगली आहेत. फक्त अगदी स्वस्तातल्या पेनांमध्ये एकाच मॉडेलचे दोन नग वेगवेगळे लिहितात, म्हणून तिथे पुढची चाचणी जास्त जरुरीची.

चाचणी

दुकानात पेन हातात दिलं की माणूस काय करतो, गोल गोल गिरगटतो नाहीतर सही करतो. त्यात काहीच कळत नाही, कारण पेन कागदावर टेकलेलं असतं तोवर सगळीच पेनं लिहितात. खरी परीक्षा पेन उचलून पुन्हा टेकवताना होते, आणि आपल्या लिपीत आपण सारखं तेच करत असतो. म्हणून 'गुंतागुंत', 'संबंध', 'चिंता', 'टिंब' असे शब्द लिहा. अनुस्वार हलकेच, एका स्पर्शात द्यायचा. नुसता टेकवल्यावर टिंब उमटलं तर निब चांगली. टिंबासाठी दाबावं किंवा घोळवावं लागलं तर त्या मण्याचं घासकाम जास्त झालंय, टोकाच्या मधोमध खळगा पडलाय आणि शाई कागदापर्यंत पोचतच नाही. असं पेन गुळगुळीत लागतं, त्यामुळे दुकानात फसायला होतं. माझं एक असं पेन होतं, लोण्यासारखं चालायचं, आणि घरी येऊन वाचलं की 'संबंध' चा 'सबध' झालेला.

मग एक लांबलचक शिरोरेषा ओढा, एका दमात, आधी सावकाश आणि मग झपकन. झपकन ओढलेली मधे फिकी पडली किंवा तुटली तर शाईचा पुरवठा कमी पडतोय. त्यानंतर पेन टोपण न लावता मिनिटभर तसंच धरा आणि पुन्हा अनुस्वार द्या, निब लवकर वाळते का ते कळतं.

खरखर येत असेल तर निब समोरून, उजेडात, भिंगातून बघा. दोन्ही पाकळ्या एका पातळीत हव्यात. एक वर एक खाली असेल तर वरच्या पाकळीला नखाने अगदी हलकं, पाच सेकंद दाबून सोडायचं, पुन्हा बघायचं. एवढ्याने बरीच पेनं सुधारतात. सँडपेपर घेऊन बसू नका, मणी एकदा घासला गेला की परत येत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर ही चाचणी घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा, आणि शाई भरायच्या आधी परतीच्या अटी वाचा, काही जण शाई लागलेलं पेन परत घेत नाहीत. तसं असेल तर निदान भिंगातून बघून घ्या आणि नुसतं पाण्यात बुडवून रेघ ओढून बघा, शाई किती येते ते नाही कळणार पण खरखर कळते.

डावखुऱ्यांसाठी एक. हात ओळीच्या वर वाकवून लिहीत असाल तर ओल्या शाईवरून तळवा फिरतो, तेव्हा बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई. हात ओळीच्या खालून नेत असाल तर कुठलंही साधं पेन चालतं, डावखुऱ्यांसाठीच्या वेगळ्या निबची गरज पडेलच असं नाही.

शाई आणि कागद

साधी, रंग पाण्यात विरघळलेली फाउंटन पेनची निळी किंवा काळी शाई घ्या, पहिले सहा महिने तीच. निळी वॉशेबल शाई धुतली जाते म्हणून सोयीची, पण पाणी पडलं की अक्षर जातं आणि उन्हाने फिकी होते, त्यामुळे कागदपत्रांवर नको. चमकीवाल्या शाया पहिल्या पेनात नकोत. पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि आयर्न गॉल शाई (जुन्या पद्धतीची, लोहाच्या क्षारांची) टिकाऊ असतात, पण पेनात वाळू द्यायच्या नाहीत, शिस्त असेल तरच.

आणि ड्रॉइंग इंक कधीच नाही. दौतीवर 'इंक' लिहिलंय म्हणून मी एकदा भरली होती. त्या शाईत लाख असते, ती वाळली की व्हार्निशसारखी घट्ट होते. निब आणि जीभ एकजीव झाली, आठ दिवस पाण्यात ठेवलं तरी पाणी काळं होईना, शेवटी पेन टाकून दिलं. दौतीवर 'फाउंटन पेन' हे दोन शब्द दिसले नाहीत तर घेऊ नका.

कागदावर शाई फुटते तेव्हा लोक पेनाला दोष देतात. जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाचा, आकडा बघून वही घेण्यातही अर्थ नाही, जाड कागदही शाई पितो आणि तोमोए रिव्हरसारखा ५२ जीएसएमचा पातळ कागद शाई अजिबात फुटू देत नाही, सगळा खेळ कागदावर बसवलेल्या खळीचा. वही तुमच्या हातात नसेल, ऑफिसचे साधे प्रिंटचे कागदच वापरावे लागत असतील, तर पुन्हा बारीक निबवरच या, कमी शाई सुटते, कमी फुटते, मागे कमी उमटते.

धुणं

नवीन पेन भरायच्या आधी एकदा धुवा, कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं. साधं पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, कन्व्हर्टरने पाच-सात वेळा आतबाहेर, मग नुसत्या पाण्याने तेवढंच. पुढे महिन्यातून एकदा, आणि शाईचा रंग बदलताना. गरम पाणी नको, जीभ वाकते. स्पिरिट नको, प्लास्टिकला तडे जातात. धुतलेली निब टिश्यूवर उभी ठेवा, टिश्यू उरलेलं पाणी ओढून घेतो, रात्रभरात कोरडी होते.

पेन चार-पाच आठवडे वापरणार नसाल तर शाई काढून, धुऊन ठेवा. खिशात, बॅगेत निब वर. विमानात जाताना पेन काठोकाठ भरलेलं नाहीतर पूर्ण रिकामं, अर्धवट नको, आयड्रॉपरमध्ये सांगितलं तेच कारण, हवा फुगते.

आणि कुणी "जरा पेन देता का" म्हणालं तर टोपण स्वतःजवळ ठेवून पेन द्या. एक तर परत येतं, आणि दुसरं, घेणारा बॉलपेनसारखं दाबायला लागला की तुम्ही टोपण घेऊन समोरच उभे असता, तेव्हा सांगता येतं.